आधी पोट, मग पर्यावरण?

‘आधी पोट, मग पर्यावरण. आणि मानवी हक्क वगैरे तर भरल्या पोटाची चैन.’ हे मी टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकतो. कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धांनाही हाच विषय देतात: मानवी हक्क आणि पर्यावरण संरक्षण समाजाला खरंच गरजेचं आहे का? मुलं दोन्हीकडून तडफेने बोलतात, टाळ्या पडतात, ढाल कुणीतरी घेऊन जातं. पोट एकीकडे, हक्क दुसरीकडे आणि जंगल तिसरीकडे, असं आधीच गृहीत धरून हा प्रश्न विचारला जातो, हे मात्र कुणी म्हणत नाही. आमच्या विदर्भात तरी अशी वाटणी कधीच नव्हती.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव आहे. शिवारात साधारण 1,800 हेक्टर जंगल, आणि त्यात बांबू भरपूर. गावाचे निस्तार हक्क, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घ्यायचे हक्क, पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण जंगल सरकारी झालं आणि मामला उलटा झाला. कागद कारखान्याला बांबू करारावर, नाममात्र दरात; आणि गावातल्या माणसाने कुंपणासाठी चार बांबू आणले तर तो गुन्हेगार. ठेकेदाराच्या टोळीला पुढच्या वर्षी बांबूच्या त्याच बेटाकडे यायचं असेलच असं नाही, त्यामुळे हात चालेल तसं कापायचं, कोवळं-जून बघायचं नाही. बेटाची काळजी त्यालाच, ज्याला पुढच्या वर्षीही तिथूनच बांबू घ्यायचा आहे.

मेंढ्याने ग्रामसभेत बसून, अभ्यासगट करून, सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावून घेतली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. गावाने कारखान्याची बांबूतोड अडवली. मग 2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2009 मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचा आणि राखायचा अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला. देशात पहिल्यांदा असा हक्क मिळालेल्या गावांपैकी हे एक.

खरी गंमत यापुढे आहे. हक्काचा कागद हातात आला, पण बांबू जंगलाबाहेर न्यायचा परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो वनविभागाच्याच हातात. 1927 चा वन कायदा बांबूला झाडात धरायचा, आणि 2006 चा कायदा त्याला स्पष्टपणे गौण वनोपज म्हणतो, म्हणजे गावाला हक्काने घेता-विकता येणारा जंगलातला माल. दोन कायद्यांच्या मधे गावाचा बांबू उभाच. अखेर 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. एका पावतीपुस्तकासाठी दोन मंत्री! पण त्या पुस्तकाने मजुरी ठरवण्याचा, लिलाव करण्याचा आणि कोणत्या वर्षी कोणत्या भागात कुऱ्हाड लावायची नाही हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे आला. आता यात मानवी हक्क कुठे संपला आणि पर्यावरण कुठे सुरू झालं, ते स्पर्धेच्या परीक्षकांनी सांगावं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण तर मला आणखी आवडतं. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, न तोडायचं ठरवलं. उन्हाळ्यात रोख पैसा देणारी दुसरी गोष्ट गावाकडे फारशी नसते, हे लक्षात घ्या. पण चांगला पत्ता यावा म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आगी लावतात, आणि त्यात बाकीचं सगळं जळतं. गावाने बांबूवर भिस्त ठेवली आणि जंगलाचा काही भाग पूर्ण राखून ठेवला. कुणा साहेबाने काढलेल्या हुकमाने हे झालं असतं का? मला नाही वाटत. हुकूम असता तर रात्री चोरून पत्ता तोडला गेला असता, आणि तोडणाऱ्यांना मी दोषही दिला नसता.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, आणि ते माझे मित्र आहेत. वाघावर, पक्ष्यांवर मनापासून प्रेम करणारे. त्यांचं म्हणणं, माणसांना हक्क दिले की जंगल संपलं. याच भूमिकेतून काही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 13 फेब्रुवारी 2019 ला वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून बाहेर काढण्याचा आदेश निघाला. फेटाळलेले दावे देशभरात दहा लाखांच्या वर होते. ओरड झाली, केंद्र सरकार न्यायालयात गेलं आणि 28 फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली होती का, ते सांगा, असं न्यायालयाने राज्यांना बजावलं. मित्रांचा एक मुद्दा मला मान्य आहे: वाघाला निवांत, माणूस नसलेली जागा लागते, आणि अतिक्रमणाच्या नावावर राजकारण होतं. पण मोहफुलं वेचताना, सरपण आणताना वाघाच्या तोंडी जाते ती याच गावांतली माणसं. सफारीच्या जिप्सीतून वाघ बघणारे आपण त्यातली किती किंमत मोजतो?

आणि चंद्रपूर शहर? इथलं महाऔष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं. वीज राज्यभर जाते, मुंबई-पुण्यातले एसी त्यावर गार होतात. राख आणि कोळशाची धूळ इथेच राहते. जवळच्या घुग्घुस या कोळसा खाणींच्या गावाकडे एकदा गाडीची काच उघडी ठेवून जाऊन या. संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी आणि हवा येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितलं. तो खटला कोळसा धुण्याच्या गाळाने बोकारो नदी खराब होते, या तक्रारीचाच होता. (याचिका मात्र फेटाळली गेली, कारण ती वैयक्तिक आकसातून केलीय असं न्यायालयाला वाटलं. तत्त्व राहिलं, याचिकाकर्ता हरला!) 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही 161 मतांनी स्वच्छ पर्यावरण हा मानवी हक्क मानला, विरोधात एकही मत नाही. बरं वाटलं. धूळ आहे तिथेच आहे.

म्हणजे सगळं ग्रामसभेवर सोडलं की झालं? इतकं सोपंही नाही. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या प्रस्तावित बॉक्साइट खाणीबद्दल 2013 मध्ये बारा ग्रामसभांना विचारलं, बाराही नाही म्हणाल्या. आमच्याकडे एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघतंय. माडिया-गोंडांचा ठाकूरदेव तिथलाच. खाणीमुळे पगार सुरू झालेल्या पोरांना मी शहाणपण शिकवायला जाणार नाही. इतकी वर्षं त्यांना रस्ता, दवाखाना, नोकरी यातलं काय दिलं होतं आपण? पण हो म्हणायचं असो की नाही, विचारणा आधी झाली पाहिजे आणि नाही म्हणणाऱ्याला नक्षलवाद्यांचा माणूस ठरवू नये. एवढी हमी नसेल तर होकाराला काय अर्थ आहे? माझा मानवी हक्कांचा आग्रह एवढ्यासाठीच आहे. आणि एखाद्या गावाने नीट विचार करून माझ्या मनाविरुद्ध निर्णय घेतला, तर मला तो गिळावा लागेल. ते जड जाईल, हेही कबूल.

कमेंटमध्ये ‘विकास नको का मग?’ येणारच आहे. हवा. मेंढ्याचा बांबू विकला गेला तो विकासच होता, फक्त त्याचं उद्घाटन करायला कुणाला फीत सापडली नाही.

ज्यांचं गाव जंगलाला लागून आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. गावाचा सामूहिक दावा दाखल आहे का, तो उपविभागीय समितीत अडलाय की जिल्हा समितीत, आणि फेटाळला असेल तर कारण लेखी कळवलंय का, हे ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे विचारा. कारण लेखी मिळालं नसेल तर तसा अर्ज द्या आणि पोच घ्या.