टिप बदलली, पण सीट पुसली का?
धातूत होल पाडायच्या, बदलत्या कार्बाइड (अतिकठीण मिश्रण) टिपच्या ड्रिलवरच्या लेखात तिचा हिशोब बरोबर मांडलाय: बॉडी तीच, टिप तेवढी बदलायची, धार लावायची कटकट नाही. टिपा अकाली का फुटतात ते मात्र राहून गेलं.

सगळ्यात जास्त नुकसान आधी सेंटर ड्रिलने छोटा खड्डा पाडायच्या (स्पॉटिंगच्या) सवयीने होतं. या टिपचा पॉइंट अँगल, म्हणजे टोकाचा कोन, बहुधा १४० अंशांच्या आसपास असतो. आधी ९० अंशाचं स्पॉटिंग केलं की टोक हवेत राहतं, बाहेरचे दोन्ही कोपरे आधी धातूला लागतात आणि तिथेच कपचा उडतो. सपाट पृष्ठभागावर सरळ टिपच टेकवा, ती स्वतः सेंटर धरते. आधी लहान होल पाडून मोठं करणंही नको.

टिप बदलताना सीट, म्हणजे बॉडीवरची टिप बसायची जागा, हवेच्या झोताने साफ करून पुसून घ्या. बारीक चिप (धातूचा कीस) राहिली तरी टिप तिरकी बसते. रनआउट, म्हणजे फिरताना टिपचं डगमगणं, डायलवर ०.०२ मिमीच्या आत हवा.

२० मिमी ड्रिल, ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील), कटिंग स्पीड मिनिटाला ८० मीटर धरला तर सुमारे १२७० आरपीएम (मिनिटाला फेरे). फीड (ड्रिल आत सरकण्याचा वेग) ०.२५ मिमी प्रति फेरा, म्हणजे मिनिटाला ३१८ मिमी. ऑपरेटर घाबरून फीड निम्मा करतो, मग चिप तुटत नाही, लांबच लांब निघून फ्ल्यूटमध्ये (ड्रिलच्या खाचेत) अडकते. ड्रिलच्या आतून कूलंट (थंड ठेवणारं द्रव) असेल तर पेकिंगही, म्हणजे ड्रिल मधेमधे मागे घेणंही, नको. फीड कमी करायचाच तर होल तिरक्या पृष्ठभागातून आरपार निघताना करा.