बटण बंद करायलाही असतं, पोट्टेहो

आज पोळा. आखरावर तोरण बांधलेलं, जोड्या रांगेत उभ्या, अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. आमच्या गावातले एक बाबा झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणून राहिले होते. वय झालंय, आवाज आता मागपर्यंत पोचत नाही, पण ते असेपर्यंत दुसऱ्या कोणाची पहिली झडती म्हणायची हिंमत नाही. झडती संपत आली, लोक "हर बोला" करायला तयार, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पांढऱ्या एसयूव्हीच्या पोटाखालून असा फाटका आवाज निघाला की समोरची गवळाऊ जोडी जागच्या जागी उडाली. एक बैल तोरण सोडून बायकापोरांच्या बाजूने सुटला. नशीब, दोघातिघांनी आवरला. कासरा धरणाऱ्याच्या तळहाताची साल निघाली, हळद लावून बसला आहे बिचारा. आणि गाडीतलं पोट्टं काच खाली करून हसून राहिलं होतं. हातात रिमोट.

लोक म्हणाले सायलेन्सर फुटला. मी गॅरेजवाला माणूस, मला ऐकूनच कळलं. त्यानं कटआउट उघडला होता.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. इंजिनाकडून येणाऱ्या पाईपला सायलेन्सरच्या आधी वाय आकाराचा एक फाटा वेल्ड करतात. फाट्यात गोल पत्र्याची झडप, झडपेला छोटी मोटर, मोटरची वायर डॅशबोर्डवरच्या बटणाला नाहीतर रिमोटला. बटण दाबलं की झडप उघडते आणि धूर सायलेन्सरचा रस्ता सोडून सरळ खालूनच बाहेर. पुन्हा दाबलं की झडप बंद, गाडी पुन्हा सभ्य. एवढंच यंत्र. तेही काही आजचं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींना पायाने दाबायचा कटआउट असायचा, तेव्हाचे सायलेन्सर इंजिनाचा दम कोंडायचे म्हणून चढावर उघडायचा. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी तेव्हाच गावात तो उघडायला बंदी घातली होती. आपण आता त्याला मोटर लावली, अक्कल तिथंच ठेवली.

आता, मी आवाजाचा दुष्मन नाही. माझी मित्रमंडळी जाणतात. बॉनेट न उघडता कोणतं सिलिंडर मिस मारून राहिलं ते मी सांगतो, आणि चांगल्या इंजिनाला रेस दिली की अजूनही हातातला पाना खाली ठेवून ऐकतो. म्हणून तर जास्त राग आला.

माझा भाचा पुण्याला असतो. त्यानं त्याच्या पेट्रोल गाडीला हे बसवून आणलं, मागच्या हिवाळ्यात इकडे आला तेव्हा म्हणाला, "मामा, चला, ऐकवतो." आर्वी-पुलगाव रस्त्याने निघालो. पुढे तो आणि मी, मागे माझी बहीण, तिच्या मांडीवर स्टीलचा डबा. ती फेरी काही डोक्यातून जात नाही, कारण तिथं मला हा प्रकार पूर्ण कळला. आधी गाडी उभी असताना त्यानं उघडलं. सेकंदभर खालून मोटरची किर्रर्र, आणि मग आयडलवर जी एकसारखी गुरगुर होती तिचे तुकडे झाले. फट, फट, फट. प्रत्येक सिलिंडरचा हुंकार वेगळा मोजता यावा असा. खरं सांगतो, छान वाटलं. सायलेन्सरच्या आत कप्पे असतात, भोकांच्या नळ्या असतात, काहींत काचेची लोकर भरलेली असते. कप्प्यांत आवाजाच्या लाटा आपटून एकमेकींना मारतात, आणि लोकर वरचा धारदार आवाज गिळते. ते सगळं टाळलं की धार परत येते. म्हणून आवाज नुसता मोठा होत नाही, उघडा होतो.

मग गाडी चालवली. आणि इथंच पोट्ट्यांचं गणित चुकतं.

चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, एका फेऱ्यात दोनदा पेटतं. दोन हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना, सेकंदाला साधारण 67 ठोके झाले. हा 67 चा ठोका गाडीच्या पत्र्याला, सीटला, छताला नेमका आवडतो. सगळी गाडी त्याच्यासोबत घुमायला लागते. आपण रस्त्यावर चालतो ते याच आरपीएमला, टॉप गिअरमध्ये, साठ-सत्तरच्या वेगाने. भाच्यानं कटआउट उघडा ठेवून साठ धरला आणि डब्याचं झाकण वाजायला लागलं. कानाला नाही, दातांना लागत होता तो आवाज. बहीण काहीतरी बोलून राहिली होती, आम्हा दोघांनाही ऐकू येईना. तीन हजाराच्या वर नेली, सेकंदाला शंभर ठोके झाले, घुमणं मागे पडलं आणि एक सलग, ताणलेला सूर लागला. तो चांगला होता, नाही म्हणत नाही. पाय उचलला तर मागे दोन फटाके फुटल्यासारखे झाले. भाचा माझ्याकडे पाहून हसला. पण तीन हजाराच्या वर या रस्त्यावर किती वेळ राहणार? समोर सरकीची गाडी, बाजूला बंडी, पुढे म्हशी.

आणि यांच्या डोक्यात कोणता आवाज असतो? रीलमधल्या अमेरिकन व्ही-एटचा. अरे बाबांनो, ते आठ सिलिंडर. तीन हजाराला त्याचे सेकंदाला दोनशे ठोके. वर त्याच्या क्रँकची बांधणी अशी की एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके सारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून तो डुगडुगता खर्ज निघतो. तो क्रँकमधून येतो, पाईपच्या भोकातून नाही. तुमच्या चार सिलिंडरला, आणि आता तर तीन सिलिंडरवाल्या बारक्या गाड्यांनाही लोक बसवून राहिले, तो खर्ज सात जन्मात येणार नाही. तोंडावरचा रुमाल काढला म्हणून कोणी गवई होत नाही.

आजची गाडी तर टर्बो डिझेल होती. टर्बोची चक्की धुराच्या वाटेतच बसलेली असते, ठोक्यांचा जोर तिथंच खाऊन टाकते. त्यामुळे डिझेलचा कटआउट उघडला की गडगडाट कमी आणि शिट्टी, फुसफुस जास्त. त्या पोट्ट्यानं उभ्या गाडीला रेस दिली म्हणून एवढा तरी आवाज झाला. म्हणजे बैलही उधळला आणि मजाही आली नाही.

(हे लिहिता लिहिता त्याचंच स्टेटस दिसलं. बैल सुटतानाचा व्हिडिओ, खाली हसण्याचे इमोजी. बाबांचा आवाज मध्येच तुटलेला ऐकू येतो त्यात. पाणी पिऊन येतो.)

आलो. तर आता कायद्याचंच बोलतो, कारण माणुसकीचं बोलून उपयोग नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 120: प्रत्येक गाडीला, ट्रॅक्टरलाही, आवाज कमी करणारा सायलेन्सर पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2), 2019 च्या दुरुस्तीनंतर: आवाज आणि धुराचे नियम मोडून सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवली तर पहिल्याच वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. "पण मी तर बंद करून चालवतो" म्हणणाऱ्यांनी हे त्या साहेबांना सांगावं जे नेमके उघडं असताना भेटतील. दवाखाना, शाळा यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं हेही सांगतो, कारण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर रेस देणारेही याच लिस्टमध्ये आहेत.

हो, डीजे याहून मोठा असतो. मान्य. त्याच्यावरही लिहीन, एकेक घेऊ द्या.

आणि थ्रेशर रात्रभर चालतो तेव्हा कोणी बोलत नाही, असं मला एकानं तोंडावर ऐकवलं. बरोबर आहे, नाही बोलत. त्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला सोयाबीनची पोती असतात. तुझ्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते सांग.

एक जण तर म्हणाला, काका, रात्री रस्त्यावर रोही आणि रानडुकरं येतात, आवाजानं पळतात. एखादं पळालं असेलही. मी जागलीला शेतात असतो तेव्हा अशी गाडी दोन किलोमीटरवरून ऐकू येते, आणि तिच्या आवाजानं डुकरं रस्त्याकडून उठून सरळ पऱ्हाटीत शिरतात. तुझी गाडी वाचली, माझं वावर गेलं.

पिकअप वाढतो म्हणणाऱ्यांसाठी थोडं. धुराला वाट मोकळी झाली की वरच्या आरपीएमला थोडाफार फरक पडतो, ज्या इंजिनाचं बाकी काम केलेलं असतं तिथं दिसतोही. कंपनीच्या साध्या इंजिनाला जे वाढतं ते बहुतेक कानात वाढतं. आवाज मोठा झाला की गाडी पळून राहिली असं वाटतं. बाकी नुकसान मात्र खरं. फाटा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बसवला की सेन्सरला चुकीची हवा लागते आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटतो. कॅटकॉनच्या, म्हणजे विषारी धूर साफ करणाऱ्या डब्याच्या, आधी बसवला की विषारी धूर न गाळता बाहेर. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सहा डिझेलला काजळी धरणारी जाळी असते, तिच्या आधी फाटा काढला तर ती जाळी फुकट. आणि तोंड गाडीच्या पोटाखाली असल्यामुळे गाडी उभी असताना धूर फटीतून आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. उभ्या गाडीत एसी लावून, कटआउट उघडा ठेवून बसणारे मी पाहिले आहेत.

भाच्याच्या गाडीचंच घ्या. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा चिखल झडपेत गेला, वर काजळी, आत मोटरच्या गिअरचे प्लास्टिकचे दात. झडप अर्धी उघडी असतानाच अडकली. अर्धा उघडा कटआउट हा सगळ्यात वाईट आवाज, ना इकडचा ना तिकडचा, नुसती फाटलेली फुर्रर्र. आषाढात माझी बहीण त्याच गाडीतून दवाखान्यात जाऊन आली, कानात कापूस घालून. हिवाळ्यातल्या त्या फेरीत ती मागून काय म्हणून राहिली होती ते मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "मी म्हनत होती, बंद कर रे बाप्पा, मले माह्यंच बोलनं ऐकू येऊन नाही राहिलं."

बंद कर. एवढंच तर म्हणणं आहे. या यंत्राची सगळी हुशारी बंद होण्यात आहे. उघडं ठेवायचं असतं तर मोटर कशाला पाहिजे होती, सायलेन्सर कापून फेकला असता, फुकटात झालं असतं. पैसे दिले ते झडपेचे, म्हणजे गावात, रात्री, बायकापोरांत, जनावरांत गप्प बसता यावं याचे. आणि ही पोट्टी नेमकी तिथंच उघडतात. रिकाम्या रस्त्यावर बंद करून गाणी ऐकतात! मोकळ्या रस्त्यावर उघडणाऱ्यावर मी एक ओळ लिहिली नसती.

आता गॅरेजचं. आजपासून माझ्याकडे कोणालाही वाय पाईप वेल्ड करून मिळणार नाही. कोणाला खरंच इंजिन ऐकायचं असेल तर कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. गाडी ट्रेलरवर टाकून तिकडे नेणार असाल तर रात्री बारा वाजता उठवा, वेल्डिंग फुकट करून देतो, गॅस्केट तेवढी तुमची. हे वाचून कोणी जाणार नाही हे मलाही माहीत आहे.

आणि "काका, फक्त लग्नापुरतं बसवून द्या, वरातीनंतर काढतो" म्हणत जे येतात, त्यांनी येताना नवरीच्या बापाला सोबत आणावं. त्याला गाडीत मागे बसवून आर्वीपर्यंत साठच्या वेगाने उघडं ठेवून नेतो. परत आल्यावर तो हो म्हणाला, तर बसवतो.