कॅन्सर ऑक्सिजनला घाबरत नाही

परवा रात्री आत्तीचा फोन. "पुढच्या केमोला मी येत नाही बघ. हितं नोबेलवाल्यानं लिवलंय की, ऑक्सिजननं जातोय म्हणून." तिला स्तनाचा कॅन्सर आहे. दोन केमो झाल्यात, तिसरी सोमवारी.

"हितं" म्हणजे भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मेसेज तुमच्याकडंही आला असेल. ऑटो वॉरबर्ग यांना १९३१ साली कॅन्सरचं मूळ कारण शोधल्याबद्दल नोबेल मिळालं, कॅन्सर ऑक्सिजनमध्ये जगूच शकत नाही, म्हणून ऑक्सिजनचं पाणी, प्राणायाम, लिंबू-सोडा आणि 'ऑक्सिजन ड्रॉप्स' सुरू करा, केमो बंद करा. मी कॉलेजात जीवरसायन शिकवतो आणि हे वाचून माझं डोकं फिरलंय.

आधी नोबेल. वॉरबर्ग यांना ते मिळालं पेशीच्या श्वसनातल्या एंझाइमच्या शोधाबद्दल, कॅन्सरच्या कारणाबद्दल नाही. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही भरपूर ग्लुकोज आंबवतात, हे त्यांनी दाखवलं, हे मात्र खरं. काकवीच्या बरणीत पाणी शिरलं की ती आंबते, त्याच जातीची क्रिया. हेच कॅन्सरचं मूळ, असं त्यांचं शेवटपर्यंत मत होतं, हेही मान्य. पण "ऑक्सिजन असूनही आंबवतात" याचा अर्थ "ऑक्सिजननं मरतात" असा कुठून काढला? हे तर बरोबर उलटं झालं. शरीरात हवेला सगळ्यात जवळचा अवयव फुप्फुस. तिथं कॅन्सर होत नाही काय?

पेशीला ऑक्सिजन कळतो कसा, हे शोधल्याबद्दल २०१९ चं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळालं. पेशी एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार करते आणि ऑक्सिजन असेल तर लगेच मोडून टाकते. ऑक्सिजनचाच अणू वापरून त्या प्रथिनावर खूण होते, व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि त्याला मोडीत काढायला लावतं. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, एचआयएफ साठतं आणि जनुकांना कामाला लावतं: नव्या रक्तवाहिन्या काढा, ग्लुकोज जास्त ओढा, मूत्रपिंडातून ईपीओ नावाचं संप्रेरक सोडून तांबड्या पेशी वाढवा. गाठ वाढताना हीच यंत्रणा वापरून स्वतःकडं रक्त ओढून घेते. मूत्रपिंडाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएलच बिघडलेलं असतं. मग ऑक्सिजन भरपूर असला तरी एचआयएफ मोडत नाही, आणि रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली ती गाठ वाढत राहते. मेसेज लिहिणाऱ्यानं याचं उत्तर द्यावं.

ऑक्सिजनचं पाणी: साध्या लिटरभर पाण्यात सहा-सात मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला अडीचशेच्या आसपास लागतो. दहापट भरून विकलं तरी अख्खी बाटली म्हणजे पंधरा सेकंदांचा श्वास, तोही पोटात. लिंबू-सोड्यानं रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, हलत नाही, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो ७.३५ ते ७.४५ मध्ये धरून ठेवतात. प्राणायाम करा, मन शांत होतं, आत्तीलाही मीच सांगितलाय. त्यानं गाठ जात नाही.

आता ते ड्रॉप्स. सकाळी आत्तीकडं गेलो तर फ्रीजच्या दारात, ताकाच्या तांब्याशेजारी, बाटली उभी. लेबलवर बारीक अक्षरात: हायड्रोजन पेरॉक्साइड, ३५ टक्के. रोज पाण्यातून दहा थेंब घ्यायला सांगितले होते, आणि हळूहळू वाढवायला. जखमेवर ओततात ते ३ टक्क्यांचं असतं, त्यालासुद्धा केवढा फेस येतो. आपल्या पेशींतलं कॅटलेज नावाचं एंझाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, त्याचा तो फेस. ३५ टक्क्यांचं एक मिलिलिटर शंभर मिलिलिटरहून जास्त वायू सोडतं. न मिसळता गेलं तर घसा आणि जठर भाजतं, बुडबुडे रक्तात शिरून मेंदूच्या रक्तवाहिन्या अडवतात, माणसं दगावलीत. आत्तीला चष्म्याशिवाय थेंब मोजता येत नाहीत. आणि घरात तिची पाच वर्षांची नात आहे.

बाटली मी उचलून आणली. आत्ती रुसली, पण सोमवारी यायला तयार झालीय. ज्यांनी तो मेसेज ग्रुपवर टाकला त्यांनी हेही तिथंच टाकावं, आणि कुणाच्या फ्रीजमध्ये अशी बाटली असेल तर आजच काढायला सांगावी.