अ‍ॅमेझॉनचे शेअर पहिल्या वर्षी किती मिळतात?

‘अ‍ॅमेझॉनमध्ये डेव्हलपर म्हणून लागलात की ४० लाखांच्या शेअरपैकी दरवर्षी १० लाख हातात,’ असा मेसेज कॅम्पस प्लेसमेंटच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून मुलं गृहकर्जाचा हिशेब मांडतात म्हणून हे लिहितो आहे.

तिथे वर्षानुवर्षं चालत आलेली वाटणी समान नाही. पहिल्या वर्षाअखेर ५ टक्के, दुसऱ्याअखेर १५, मग तिसऱ्या-चौथ्या वर्षांत दर सहा महिन्यांनी २० टक्के. म्हणजे ४० लाखांतले पहिल्या वर्षी २ लाख, दुसऱ्या वर्षी ६, नंतर १६-१६. तेही शेअरचा भाव जागचा हलला नाही तर! सुरुवातीची तूट जॉइनिंग बोनसने भरून काढली जाते, पण तो दोनच वर्षं असतो. मधेच नोकरी सोडली, तर न मिळालेले शेअर गेले.

करही विसरू नका. शेअर खात्यात येतात त्याच दिवशीची किंमत पगारात धरली जाते. विकल्यावर झालेल्या नफ्यावर वेगळा कर. ते परदेशी शेअर असल्याने विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागतात. ऑफर लेटरमधलं वेस्टिंगचं, म्हणजे शेअर कधी आणि किती तुमच्या नावावर होतील याचं, वेळापत्रक आधी वाचा, मगच हप्ता ठरवा.