जाताना हिशोब फक्त जवानानंच द्यायचा का?

सकाळी ग्रुपवर एक फोटो आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. गावाकडचे एक नेते पद सोडून चाललेत (नाव घेत नाही, तिकडच्यांना कळेल), त्यांचा कृतज्ञता सोहळा. क्रेननं घातलेला हार, फुलांची उधळण, मागं 'जवानांचे कैवारी' असा बॅनर. आता कैवारी म्हटल्यावर फोटोत जवान नकोत का, म्हणून समोर भर उन्हात दोन रांगा माजी सैनिक बसवलेले, छातीवर मेडल लावून. त्यात दुसऱ्या रांगेत आमचे काका.

काका तोफखान्यात होते, हवालदार होऊन सुटले. सगळी नोकरी तोफेच्या शेजारी गेली. एका कानानं काहीच ऐकू येत नाही, दुसऱ्यानं येतं पण ओरडून बोललं तर. सुटताना मेडिकल बोर्डानं काय लिहावं? बहिरेपणाचा नोकरीशी संबंध नाही. म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शन, नोकरीत आलेल्या अपंगत्वाची, ती नाही. अरे तोफखान्यातला माणूस आहे तो! मग कान काय घरी बसून गेला का त्याचा? आणि याच माणसाचं किट जमा करताना एक ब्लँकेट कमी भरलं तर त्याचे पैसे कापून घेतले होते. क्लिअरन्सच्या कागदावर स्टोअरची सही, मेसची सही, लायब्ररीची सही, कुणाचं काही बाकी नाही ना, तरच गेटच्या बाहेर. काका हे हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही.

कारण जे मंत्री, आमदार, खासदार जातात त्यांचा असा कागद कुठंय? तुमच्या टेबलावर काय पडून राहिलं, कुणाला काय शब्द दिला होता, कोण विचारतं? हां, निवडणुकीला उभं राहताना सरकारी घराचं भाडं, लाइट, पाणी, फोन बाकी नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तेवढं आहे. म्हणजे लाइटबिलाचं विचारणार, अडकलेल्या फायलीचं नाही.

वन रँक वन पेन्शनचंच बघा, म्हणजे हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी तर पेन्शनही सारखी, मग माणूस कधीही रिटायर झालेला असो. १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगाच्या वेळी जवानांच्या पेन्शनला कात्री लागली. त्यानंतर किती पंतप्रधान आले आणि गेले, जाताना कुणाला विचारलं का कुणी? २०११ मध्ये संसदेच्या कोश्यारी समितीनं ही पेन्शन द्या म्हणून सांगितलं. दहा वर्षं सत्तेत असणाऱ्यांना ते सुचलं कधी, तर फेब्रुवारी २०१४ मध्ये, निघता निघता, अंतरिम बजेटमध्ये ५०० कोटी ठेवले आणि मोकळे. मग दुसरे आले. यांनी तर २०१३ लाच रेवाडीच्या सभेत माजी सैनिकांसमोर हा विषय काढून टाळ्या घेतलेल्या. आणि १४ ऑगस्ट २०१५ ला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, जंतरमंतरवर बसलेल्या म्हाताऱ्या फौजींना पोलिसांनी ओढून काढलं. बंदोबस्त म्हणे.

पुढं सप्टेंबरमध्ये दिलं, मान्य आहे. चाळीस वर्षं कुणी दिलं नव्हतं ते दिलं, नाही म्हणत नाही. पण दर पाच वर्षांनी या पेन्शनची फेररचना करायची ठरली होती ना, ती २०१९ ची फेररचना करून थकबाकी द्या असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०२२ मध्ये सांगितल्यावर पण मुदतवाढी घेत बसले, आणि वर मार्च २०२३ मध्ये कोर्टाला बंद पाकिटातून कारणं द्यायला गेले! कोर्टानं ते पाकीट घेतलंच नाही. पेन्शनच्या थकबाकीत गुप्त ठेवण्यासारखं असतं तरी काय?

काकांचं म्हणाल तर ते त्या डिसॅबिलिटी पेन्शनसाठी सैन्याच्या ट्रिब्युनलमध्ये गेले आणि जिंकले. घरी पेढे वाटले. काकू रडली. आणि मग सरकारकडून अपील. पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमलेली, तिनं सरळ सांगितलं होतं की डिसॅबिलिटी पेन्शनसाठी जवानांच्या मागं कोर्टात लागू नका. माणूस चांगला होता, मी मानतो. पण मार्च २०१७ मध्ये ते गोव्याला मुख्यमंत्री म्हणून परत गेले आणि अपिलं काही थांबली नाहीत. काही मोठे अधिकारी रिटायर व्हायच्या तोंडावर बीपी-शुगर दाखवून पेन्शन वाढवून घेतात म्हणतात, घेत असतील, त्यांना पकडा की. त्याची शिक्षा बहिऱ्या हवालदाराला कशाला?

डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका केसमध्ये सरकारला ५० हजारांचा दंड लावला. एलओसीवर गस्त घालताना गेलेल्या जवानाच्या बायकोला कोर्टापर्यंत ओढलं म्हणून. वाचून बरं वाटलं, मग डोक्यात आलं की हा दंड भरणार कोण? तुम्ही-आम्हीच. अपील करा म्हणून ज्यानं सही केली तो एव्हाना बदलून गेलेला, नाहीतर हार घालून घेऊन रिटायर झालेला. ब्लँकेटचे पैसे मात्र काकांच्याच खिशातून.

आणि पेन्शनचं बोलायचं तर जवानाला १५ वर्षं भरावी लागतात. खासदाराला किती दिवस होता याची अटच नाही, एप्रिल २०२३ पासून महिना ३१ हजार. आमदारकीची आणखी वेगळी. घ्या बाबा.

दुपारी काकांना फोन केला. म्हणजे काकूला केला, तिनं ओरडून त्यांना विचारलं की कशाला गेला होता तिथं. तर म्हणाले, "बोलावलं की जायचं. आणि भाषण मला कुठं ऐकू येतंय!" मग दोघं किती वेळ हसत होते. राग जरा उतरला माझा तेव्हा, खरंच. पण लिहायला बसलो आणि तो बॅनर परत दिसला.

माझ्या लिस्टमध्ये दोन्हीकडचे कार्यकर्ते आहेत. खाली येऊन 'मग त्यांच्या काळात काय झालं' सुरू करू नका, त्यांच्या काळातलंही वर लिहिलंय. तुमचे साहेब गेले तेव्हा माजी सैनिकांचे किती अर्ज तसेच पडून होते, एवढं त्यांना विचारून या आणि आकडा लिहा. नसेल विचारायची हिंमत तर लाइकपण करू नका.