कानामागून आलेली केबल

सर्वप्रथम अभिनंदन. अ‍ॅम्प्लिफायर आला, स्पीकर आले, सीडी प्लेअर नाहीतर डॅक (डिजिटल गाण्याचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारा डबा) आला, आणि खोक्यातून फुकट निघालेल्या लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने सगळं जोडून तुम्ही गाणंही लावलंत. आवाज छान आला. इथेच सगळं बिनसलं. छान आवाज आला की माणूस गाणं ऐकत बसतो, आणि गाणं ऐकत बसलेल्या माणसाची हाय-फायमधली प्रगती तिथल्या तिथे खुंटते. म्हणून आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: फुकटच्या वायरमधून चांगला आवाज येऊच शकत नाही. एकदा पक्की केलीत की तो खरंच यायचा थांबेल.

आता परवडेल अशी इंटरकनेक्ट केबल, म्हणजे एका उपकरणातून दुसऱ्यात सिग्नल नेणारी वायर, निवडू. बजेटसाठी एक नियम सांगितला जातो, की सिस्टिमच्या एकूण किमतीच्या दहा टक्के रक्कम केबलवर घालावी. हा नियम कुणी आणि कशावरून काढला, याची चौकशी करू नये. विकणाऱ्याच्या तोंडून आला असला तरी नियम तो नियमच. त्याची खुबी अशी की तो दोन्ही बाजूंनी चालतो. आवडलेली केबल दहा टक्क्यांत बसत नसेल, तर केबल स्वस्तातली घेण्याचं कारण नाही. अ‍ॅम्प्लिफायर महागातला घ्या, टक्केवारी आपोआप जुळते. नाकापेक्षा मोती जड झाला तर नाक बदलावं. आणि तरीही परवडतंय की नाही अशी शंका आलीच, तर एक सोपी कसोटी आहे. घरी विचारल्यावर जिची खरी किंमत सांगता येते, ती केबल तुम्हाला परवडते. अशी केबल घेऊ नका, ती तुमच्या लायकीची नाही.

केबल हातात घेऊन पाहा. ती जाड असावी, वेणी घातलेली असावी, आणि वळवायला गेलात तर तिने वळायला नकार द्यावा. पिना इतक्या घट्ट बसाव्यात की काढताना अ‍ॅम्पचं सॉकेट त्यांच्याबरोबर हातात यावं. आरसीए पिन (तीच ती लाल-पांढरी) ही मुळात रेडिओला रेकॉर्ड प्लेअर जोडण्यासाठी अमेरिकेच्या रेडिओ कॉर्पोरेशनने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेली एक स्वस्त सोय आहे. तिच्यात मधली काडी आधी टेकते आणि बाहेरचं ग्राउंड नंतर, म्हणून चालू अ‍ॅम्पमध्ये पिन खुपसली की स्पीकरमधून भसाभस आवाज येतो. केबल बदलताना अ‍ॅम्प बंद करावा, असं कंटाळवाणे लोक सांगतात. तुम्ही तो आवाज केबलच्या ताकदीचा पुरावा मानू शकता.

मग धातू. चांदी तांब्यापेक्षा साधारण पाच-सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे, एवढं वाक्य पाठ करा आणि तिथेच थांबा. पुढे हिशेब करणाऱ्याच्या हाती असं लागतं की एक मीटर केबलमधल्या तांब्याच्या तारेचा रोध जेमतेम ०.१ ओहमच्या आसपास असतो, आणि ती जिथे जाऊन टेकते त्या अ‍ॅम्पचा इनपुट रोध १०,००० ते ५०,००० ओहम. त्या ०.१ मधले पाच-सहा टक्के वाचावेत म्हणून चांदी. एवढं कागदावर मांडलं की चांदी काळवंडते, तेव्हा सिस्टिमच्या खोलीत कागद-पेन्सिल आणू नये. सोन्याची गोष्ट आणखी अडचणीची. सोनं तांब्यापेक्षा वीज कमीच वाहून नेतं. पिनेवर त्याचा मुलामा असतो तो हवेने तिचा पृष्ठभाग खराब होऊ नये म्हणून. म्हणजे उपयोग खराच आहे, पण इतका साधा की त्यात रस नाही, आणि तो मुलामा स्वस्तातल्या केबलवरही मिळतो, ही तर शरमेची बाब. ‘ऑक्सिजन-फ्री’ तांब्याबद्दल मात्र आदराने बोला. वायरिंगचं साधं तांबंही ९९.९ टक्के शुद्ध असतं आणि दोघांच्या वाहकतेत एखाद्या टक्क्याचाच फरक पडतो, हे माहीत असणारा माणूस मैफलीत नको.

कपॅसिटन्सचा, म्हणजे केबलच्या विद्युतभार साठवण्याच्या गुणाचा, विषय निघाला तर गंभीर चेहऱ्याने मान हलवा. मीटरमागे १०० पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं माप) ही साध्या केबलची सर्वसामान्य गोष्ट. सीडी प्लेअरचा आउटपुट रोध २०० ओहम धरला, तर या कपॅसिटन्समुळे आवाज उतरायला लागतो तो सुमारे ८० लाख हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ८० लाख कंपनांवर. माणसाचा कान २०,००० हर्ट्झला थकतो; त्या ८० लाखांपर्यंत वटवाघळाचाही पोहोचत नाही. पन्नाशी गाठलेल्या बहुतेकांना तर १५,००० च्या वरचं फारसं काही ऐकू येत नाही, आणि महागडी केबल परवडायला लागते ती नेमकी याच वयात.

केबलवर बाण असतो. तो स्रोताकडून अ‍ॅम्पकडे रोखलेला असावा. काही केबलींमध्ये या बाणाला अर्थ असतो: आतल्या दोन तारा सिग्नल नेतात, बाहेरचं शील्ड (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) फक्त एका टोकाला जोडलेलं असतं, आणि ते टोक कुठे ठेवायचं ते बाण दाखवतो. हे कारण कुणाला सांगू नका. त्यापेक्षा, तांब्याचे कण कारखान्यात एका दिशेने ओढले गेल्यामुळे संगीतालाही त्याच दिशेने जायला आवडतं, असं म्हणा. १,००० हर्ट्झचा सूर त्या तारेत सेकंदाला २,००० वेळा उलटा-सुलटा होतो, असं कुणी म्हणालंच तर त्याला ‘तुमची सिस्टिम कोणती?’ असं विचारा. ती नेहमीच तुमच्यापेक्षा स्वस्त निघते.

नवी केबल पहिल्या दिवशी मनासारखी वाजली नाही, तर दोष तिचा नाही. तिचं बर्न-इन, म्हणजे वाजून वाजून मुरणं, व्हायचंय. शंभर, दोनशे, काही केबलींना चारशे तास लागतात असं सांगितलं जातं. ते तास भरेपर्यंत माल परत करण्याची मुदत संपलेली असते, हा निव्वळ योगायोग. तेवढ्या काळात तुमचे कान त्या आवाजाला सरावतात, हाही योगायोगच, आणि त्याला ‘केबल उघडली’ असं म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाची खबरदारी, जिच्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. काहीही झालं तरी डोळे झाकून ऐकायचं नाही. हल्ली घरोघरी एखादा भाचा किंवा मेव्हणा असतो, जो म्हणतो, ‘मी केबल बदलतो, तुम्ही पाठ करून बसा आणि ओळखा.’ या सापळ्यात सापडू नका. केबल कोणती लागलीय हे दिसत असेल तरच तिचा आवाज नीट ऐकू येतो. ही हाय-फायची पहिली अट आहे. अ, ब आणि अनोळखी क्ष यांच्यात आलटून पालटून ऐकवणारी एबीएक्स पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ऑडिओत रुळलेली आहे, आणि तेव्हापासूनच तिच्यामुळे ‘श्रोत्यावर ताण येतो’ ही तक्रारही. ताण येणारच. आजवर ठामपणे केलेली विधानं अचानक पडताळायची वेळ आली तर कुणालाही येईल.

२००७ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी भलत्याच महागड्या स्पीकर केबली आणि दुसऱ्या चांगल्या केबली यांच्यातला फरक कानाने ओळखून दाखवणाऱ्याला आपल्या संस्थेचं दहा लाख डॉलरचं बक्षीस देऊ केलं होतं. एक ऑडिओ पत्रकार तयारही झाला. केबलवाल्या कंपनीने अंग काढून घेतलं आणि चाचणी झालीच नाही. जे काचेवर दगड मारून बघत नाहीत, त्यांची काच फुटत नाही, एवढं त्या कंपनीला कळलं होतं. तुम्हालाही कळायला हरकत नाही.

तुलना करायचीच असेल तर आमच्या पद्धतीने करा. जुनी केबल काढा, नवी लावा, मध्ये चहा घ्या, पाठ मोकळी करून परत खुर्चीत बसा. आवाजाच्या बारीक छटा माणसाच्या लक्षात काही सेकंदच राहतात, त्यामुळे एव्हाना जुनी केबल कशी वाजत होती याबद्दल तुमचं मन स्वच्छ झालेलं असतं. मग व्हॉल्यूम किंचित वाढवा. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ वाटत नाही, ‘मोकळा’ वाटतो. आता लिहा: पडदा दूर झाला, साउंडस्टेज (डोळ्यांपुढे उभा राहणारा आवाजाचा रंगमंच) रुंदावला, तबल्याच्या शाईचा वास येऊ लागला.

शहाण्या माणसाला इथे एक प्रश्न पडतो, तो मनातच ठेवावा. तुम्ही जे रेकॉर्डिंग ऐकताय ते मायक्रोफोनपासून मिक्सरपर्यंत स्टुडिओतल्या लांबलचक साध्या केबलींमधून आलेलं आहे. त्यांच्यावरून माणसं चाललीत, खुर्च्या सरकल्यात. एवढं सगळं सोसून आलेल्या गाण्याला तुमच्या घरातल्या शेवटच्या एका मीटरमध्ये मुक्ती मिळते. केबल कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

केबलने खरोखर फरक पडतो अशा काही जागा आहेत, आणि त्या टाळलेल्या बऱ्या, कारण त्यांचं उत्तर स्वस्तात मिळतं. टर्नटेबलला (रेकॉर्ड प्लेअरला) मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, म्हणजे सुईमागे हलणारं चुंबक असलेला सुईचा भाग, असेल तर केबलच्या कपॅसिटन्सला महत्त्व येतं: कार्ट्रिजच्या कागदावर १००-२०० पिकोफॅरड असा आकडा लिहिलेला असतो, त्यात टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) तार, केबल आणि फोनो स्टेज (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) असं सगळं धरायचं असतं, आणि तो ओलांडला तर वरचे सूर आधी बोचतात मग गळतात. उपाय? आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल. किती निराशाजनक. दहा-पंधरा मीटर लांब न्यायची असेल आणि दोन्हीकडे सोय असेल तर एक्सएलआरची (तीन काड्यांच्या गोल पिनेची) बॅलन्स्ड केबल घ्यावी, जिच्यात सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत पकडलेला गोंगाट ती दोन्ही तारांत सारखाच पकडते आणि पुढचं उपकरण तो वजा करतं. एकच बाजू वाजत असेल तर बरेचदा पिनेचं सोल्डर सुटलेलं असतं. खरखर येत असेल तर अ‍ॅम्प बंद करून पिना सॉकेटमध्ये दोन-चारदा फिरवाव्या लागतात. आणि सतत घूं-घूं आवाज येत असेल तर तो बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगच्या तारांचं आपसात झालेलं वेटोळं, असतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली की बरेचदा थांबतो. यातल्या कशालाही मखमली खोकं येत नाही.

डिजिटल केबलचं फार बोलायला नको. कोअ‍ॅक्शियल (मधे तार, तिच्याभोवती धातूची जाळी) असेल तर ७५ ओहमची घ्यायची, जुन्या व्हिडिओची पिवळी पिनही चालते. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, नुसता प्रकाश जातो. तरीही तिच्या आवाजाला ‘उबदार’ म्हणायची प्रथा आहे, ती मोडू नका.

एका गटापासून मात्र दूर राहा. हे लोक मायक्रोफोनची साधी शील्ड असलेली केबल मीटरवर कापून घेतात, तिला धड धातूच्या पिना सोल्डर करतात, दोन्ही चॅनलची लांबी सारखी ठेवतात आणि विषय संपवतात. मग उरलेल्या वेळात स्पीकर भिंतीपासून पुढे ओढतात, तिरपे करतात, समोर गालिचा टाकतात, खुर्ची मागच्या भिंतीपासून हलवतात. यातल्या प्रत्येक गोष्टीने आवाज इतका बदलतो की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळावं. पण त्याला उठावं लागतं, वजन ओढावं लागतं, आणि शेवटी दाखवायला हातात काही नसतं. पाहुण्याला ‘हा बघ, स्पीकर वीतभर पुढे घेतलाय’ असं सांगून कुणाचा मान वाढलाय?

वर्षभराने तुमची केबल जुनी होईल. ती बिघडणार नाही, तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतंच. पण कंपनी नवी मालिका काढेल आणि तुमची अचानक थोडी धूसर ऐकू यायला लागेल. तेव्हा ती विकायला काढा. जाहिरातीत पहिली ओळ ‘बर्न-इन पूर्ण झालेली’ अशी लिहा, म्हणजे घेणाऱ्याचे शेकडो तास वाचतील. वापरलेल्या मालाला नव्यापेक्षा जास्त किंमत मागता येण्याची अशी संधी दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही. सोबत मूळ खोकं, प्रमाणपत्र आणि बाणाची दिशा सांगणारा कागद द्या. गिऱ्हाईक तुमच्या खोलीत, तुमच्या खुर्चीत बसून ऐकेल, तेव्हा व्हॉल्यूम आधीच अर्धा डेसिबल वर असू द्या. आणि तो पिशवीत मल्टिमीटर (वीज आणि रोध मोजायचं यंत्र) घेऊन आलेला दिसला, तर केबल कालच गेली म्हणून सांगा.