उणे ऐंशी

वायरी दिसायला नकोत, असा आईचा हुकूम. म्हणून आमचा राउटर शोकेसमध्ये, टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला खेटून बसतो. मध्ये दीड विटेची जुनी भिंत (खिळा ठोकायला गेलं की खिळाच वाकतो) आणि पलीकडे माझी खोली, म्हणजेच माझं ऑफिस.

रेडिओलहरींना प्लायवूडचं फारसं वावडं नाही. पण लोखंडावर आपटून त्या माघारी फिरतात आणि जाड भिंतीत बऱ्याचशा जिरतात. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंत दिसली की हातपाय गाळतो. २.४चा चिवट, भिंत ओलांडतो. मात्र तिथे शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी, वर आमचा मायक्रोवेव्ह. आईने पापड भाजायला घेतले की माझी मीटिंग गोठते, तीही नेमकी साहेबांचं तोंड अर्धवट उघडं असताना.

एका अ‍ॅपवर सिग्नल मोजला. शोकेससमोर उणे ४०, माझ्या खोलीत उणे ८०.

"दुप्पट आहे की रे! मग रडतोस कशाला?" बाबा म्हणाले.

हे आकडे डेसिबलचे, आणि डेसिबलचा हिशेब तिरपा असतो. दर १० डेसिबलला ताकद दहापट घटते. म्हणजे माझ्या वाट्याला शोकेससमोरच्या ताकदीचा दहा हजारावा हिस्सा. हे ऐकून बाबांनी चहा मागितला.

खरी मेख मात्र बाबाच. ते गॅलरीत बसून, एका काडीवर, जुने क्रिकेट सामने बघतात. सिग्नल क्षीण झाला की कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी बोलावं तसा राउटर एकेक शब्द सावकाश उच्चारतो, आणि "काय?" आलं की पुन्हा सांगतो. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, त्यामुळे तोवर बाकीचे ताटकळत. अगदी राउटरच्या पुढ्यात बसलेल्या ताईचंही डाउनलोड रखडतं. ती ओरडली की गॅलरीतून उत्तर येतं, "१९७५ला गावसकरांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या. तुम्हाला एक फाइल उतरेपर्यंत धीर नाही!"

शेवटी आईच्या विनवण्या करून राउटर पॅसेजमध्ये, घराच्या मध्यावर, उंच टांगला. सगळीकडे काड्या भरल्या. बाबांनी फाइल उतरवताना वेग पाहिला, सेकंदाला १२, आणि तडक कंपनीला फोन लावला.

"शंभरचे पैसे घेता आणि बारा देता?"

"सर, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, तुम्हाला दिसतात ते मेगाबाइट. आठने भागायचं," पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली.

"उत्तम. मग या महिन्यापासून बिलही आठने भागून भरतो."